तीन हातांची गाडी

माझ्या नवऱ्याचा डावा गुडघा वाकत नाही, ही गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. नवरा डॉक्टर. चारचौघांत मी त्यांना डॉक्टरच म्हणते, इथंही तेच म्हणेन. भोरला आमचा दवाखाना. पुढच्या खोलीत डॉक्टर, मागच्या खोलीत मी. मिक्श्चरं करायची, पुड्या बांधायच्या, सुया उकळायच्या, कोण खरंच आजारी आहे आणि कोण दोन घटका घरातून सुटका म्हणून आलंय हे ओळखून आत सोडायचं, ही कामं माझी. बुधवारी आणि शनिवारी डॉक्टर वेल्ह्याला जात. तिथं त्या वेळी दुसरा डॉक्टर नव्हता. तोरण्याच्या अंगाची माणसं पहाटे उठून डोंगर उतरून यायची आणि पारावर वाट बघत बसायची. डॉक्टर आले नाहीत तर तशीच परत चढून जायची. कोणी तक्रार करायचं नाही, म्हणून तर न जाणं आणखी कठीण.

आधी मोटारसायकल होती. विंझरच्या पुढं ती शेणावरून घसरली आणि गुडघा फुटला. पुण्याच्या इस्पितळात चार महिने काढले. गुडघा जुळला, पण सरळ जुळला. घरी आल्यावर डॉक्टरांनी स्वतःचा एक्स-रे खिडकीशी धरून बघितला आणि म्हणाले, आता हा वाकणार नाही. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात फारसं बोलणं झालं नाही. एसटीनं वेल्ह्याला जायचा प्रयोग दोनदा केला. माणसं उठून जागा द्यायची, पण तो पाय मधल्या वाटेत आडवा राहायचा आणि चढणारा-उतरणारा प्रत्येक जण त्याला अडखळायचा. तिसऱ्यांदा डॉक्टर गेले नाहीत.

मग ती गाडी आली. पुण्यात कँपातल्या एका वयस्क पारशी बाईंची अमेरिकन गाडी, पिस्त्याच्या रंगाची, आमच्या माजघराएवढी लांब. तिला क्लच नव्हता. गिअर ती आपला आपण बदलायची. चालवायला पायाशी दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाचे. डावा पाय दिवाणावर पसरावा तसा पसरून ठेवता यायचा. गाडी भोरात आली तेव्हा चौकातली माणसं दार उघडून वाकून वाकून बघत होती. एक म्हातारा गृहस्थ बराच वेळ बघून म्हणाला, "डाक्टर, फशिवलं तुमाला. ह्यात एक पेडल कमी हाय."

त्या कमी पेडलावर आमची तीन वर्षं गेली. बुधवार-शनिवार चुकला नाही. मी भोरचा दवाखाना सांभाळायची, किरकोळ रोग्यांना नेहमीचं औषध द्यायची, बाकीच्यांना उद्या या म्हणायची. दिवेलागणीला गाडीचा आवाज आला की चहाचं आधण ठेवायची. ही तीन वर्षं सुखाची होती असं आता वाटतं. तेव्हा नुसती कामाची वाटत होती.

गाडी बिघडली ती लोकांच्या चांगुलपणामुळे. श्रावणात एका बुधवारी वेल्ह्यात तिची बॅटरी उतरली. खताची पोती टाकायला आलेला एक ट्रक होता. ट्रक ड्रायव्हरच्या मुलाला डॉक्टरांनी विषमज्वरातून बरं केलं होतं. आमच्या भागात बंद पडलेली गाडी ओढली की सुरू होते, हा सगळ्यांचा पक्का अनुभव. बैलांनी ओढा, माणसांनी ढकला, उतारावर सोडा, ती सुरू होतेच. त्या ड्रायव्हरनं दोर बांधला आणि उपकार फेडायच्या जोरात तो जो निघाला तो नसरापूरच्या फाट्यावरच थांबला. डॉक्टर मागून हॉर्न वाजवत होते, पण बॅटरीच उतरलेली, त्यामुळे हॉर्न वाजत नव्हता. मागे रस्त्यावर लाल तेलाची धार पडत आली होती. ड्रायव्हर खाली उतरला, हात जोडून म्हणाला, लई हलकी चालती बघा तुमची गाडी, ओढल्यासारखी वाटलीच न्हाई.

पुण्याचा मेकॅनिक येऊन बघून गेला. त्यानं समजावून सांगितलं की हे गिअरचं यंत्र तेलावर चालतं आणि तेल फिरवायला इंजिन चालू लागतं. इंजिन बंद ठेवून वीस मैल ओढली म्हणजे आतलं सगळं कोरडं घासलं. सुटे भाग अमेरिकेतून यायला हवेत आणि तिकडून माल येणं बंद. त्याचं म्हणणं एकच, ते यंत्र काढून टाका, जीपचा साधा गिअरबॉक्स बसवा, पुष्कळ जण तसंच करतात.

"बसवू," डॉक्टर म्हणाले.

साध्या गिअरबॉक्सला क्लच लागतो आणि क्लच डाव्या पायानं दाबावा लागतो, हे मेकॅनिकला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं आणि चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या मलाही एव्हाना माहीत झालं होतं. मेकॅनिकनं चहा घेतला आणि तो साडेबाराच्या एसटीनं गेला.

काम घरीच करायचं ठरलं, कारण गाडी पुण्याला न्यायची म्हणजे पुन्हा ओढत न्यायची आणि ओढण्याचं नाव डॉक्टरांसमोर काढायची सोय राहिली नव्हती. काम करणारा मिळाला तो भाताच्या गिरणीचा मिस्त्री. उत्रोलीचा माणूस, चाळिशीचा, गिरणीचं ऑइल इंजिन त्याच्या हाताखाली पंधरा वर्षं चाललं होतं. मोटारगाडीचं काम त्यानं कधी केलं नव्हतं. पण तो म्हणाला, इंजिन हाय, फिरणारं चाक हाय, मधी जोड हाय, गिरणीत तरी येगळं काय असतंय? त्याला वेळ होता तो पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. दसऱ्यानंतर हळवं भात निघायला लागतं, गिरणी सुरू होते, मग तो चार महिने कोणाचा नाही.

गोठ्यातली म्हैस अंगणात आंब्याखाली बांधली. गोठ्यात खड्डा खणला, त्यावर गाडी उभी केली. म्हशीला जागा मानवली नाही, ती दूध चोरायला लागली. माझ्या घरात त्या दीड महिन्यात तीन प्रकारचं तेल सांडत होतं आणि तिन्ही प्रकारचे डाग वेगवेगळ्या उपायांनी निघत होते किंवा निघत नव्हते. मिस्त्रीचं जेवण आमच्याकडे. पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडक्या जीपचा गिअरबॉक्स आला तो पोत्यात बांधून एसटीच्या टपावरून आला. तो उतरवायला चार हमाल लागले आणि तो ठेवायला माझ्या धुण्याच्या दगडाशिवाय दुसरी जागा कोणाला सापडली नाही.

डॉक्टर सकाळी नऊ ते अकरा रोगी बघत आणि मग गाडीखाली जात. ते खड्ड्यात उतरू शकत नव्हते. बाजूला गोणपाटावर आडवे होऊन सरकत आत जात आणि तो सरळ पाय बाहेर राही. अकरानंतर येणारे रोगी मग गोठ्याशीच जायचे. उत्रोलीची एक म्हातारी पोटदुखीची रोगीण होती. ती त्या पायाशी उकिडवी बसून पंधरा मिनिटं आपलं दुखणं सांगत होती, कुठं दुखतं, कधी दुखतं, सून काय म्हणते. आतून मधूनच आवाज यायचा, जेवणाआधी की नंतर? शेवटी मी पुडी बांधून आणून दिली तेव्हा ती पायाला नमस्कार करून उठली. जाताना मला म्हणाली, "आज डाक्टरांनी लई ध्यान देऊन ऐकलं बाई. रोज मधीच बोलत्यात."

इंजिन अमेरिकेचं आणि गिअरबॉक्स जीपचा, त्यांची बोल्टांची भोकं जुळेनात. मिस्त्रीनं तोड काढली ती अशी की मधे जाड लोखंडी ताट बसवायचं, एका बाजूला ह्याची भोकं, दुसऱ्या बाजूला त्याची. त्याचं माप घ्यायला कागद ठेवला तर तो तेलानं फाटायचा, पुठ्ठा दमटपणानं वाकडा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, कपाटात माझे एक्स-रे आहेत ते घे. मी ते आणले. जाड, आरपार दिसणारी फिल्म, भिजत नाही, कात्रीनं सरळ कापते. इंजिनाच्या तोंडावर धरून मिस्त्रीनं भोकं उमटवली आणि मी ती कापून दिली. सहा फिल्मी लागल्या. त्यातल्या चार डॉक्टरांच्या गुडघ्याच्या होत्या. नाहीतरी त्या जपून ठेवून काय करणार होतो.

त्याच सुमाराला एक दिवस माझी डावी चप्पल दारातून नाहीशी झाली. मी शेजारच्या कुत्र्याला दोषी ठरवलं, त्याच्या मालकिणीलाही दोन शब्द ऐकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल जागेवर होती, कडेला ग्रीसचा ठसा होता. घरात प्रत्येक वस्तूला ग्रीस लागलेलं असल्यामुळे मी त्याचा विचार केला नाही. शेजारणीची माफीही मागितली नाही.

नवरात्र बसलं तोवर गिअरबॉक्स जागेवर चढला होता. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा कापून आखूड करून पुन्हा सांधला होता. राहिला क्लचचा पेडल. त्या दिवशी दुपारी मी ताक घेऊन गेले तेव्हा दोघांचं काम थांबलेलं होतं. मिस्त्री खड्ड्यात उभा, डॉक्टर गोणपाटावर बसलेले. मिस्त्रीनं माझ्या हातून तांब्या घेतला आणि डॉक्टरांकडे न बघता विचारलं, "पेडल कुठं लावायचा?"

महिनाभर ह्या प्रश्नाभोवती आम्ही तिघं काम करत होतो. डॉक्टरांनी हात गोणपाटाला पुसले. मग म्हणाले, पायानंच दाबायला पाहिजे असं कुठंय? गिरणीत पट्टा कशानं सरकवतोस?

गिरणीत इंजिन सतत चालू असतं. जातं थांबवायचं असलं की मिस्त्री एक लांब लोखंडी दांडा ओढतो, पट्टा चालत्या चाकावरून रिकाम्या चाकावर सरकतो. ते काम हातानंच होतं. मिस्त्रीनं डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हतंय की," तो म्हणाला आणि संध्याकाळी गिरणीतला जादा पडलेला तसाच एक दांडा घेऊन आला. दोन दिवसांत तो डॉक्टरांच्या उजव्या हाताला, सीट आणि दार यांच्या मधे बसला. ओढला की क्लच दबायचा, सोडला की सुटायचा. त्याला चांगला जोर लागायचा, पण डॉक्टरांचे हात मजबूत होते.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, नटबोल्टचे पाने आणि जॅक पाटावर मांडून त्यांची पूजा केली आणि भाटघरच्या सपाट रस्त्याला डॉक्टर गाडी घेऊन निघाले. मी शेजारी, मिस्त्री मागे. शंभर पावलं गाडी पहिल्या गिअरमधे छान गेली. मग गिअर बदलायची वेळ आली. डॉक्टरांनी उजव्या हातानं क्लचचा दांडा ओढून धरला, डाव्या हातानं गिअरचा दांडा धरला आणि तेव्हा आमच्या तिघांच्या लक्षात आलं की स्टिअरिंग कोणीच धरलेलं नाही. गाडी आपल्या मनानं धरणाच्या कालव्याकडे निघाली होती. डॉक्टरांनी गिअर सोडून चाक धरलं.

दीड महिना तीन शहाण्या माणसांनी काम केलं, पण हात मोजले नाहीत. मिस्त्री मागून म्हणाला, "गिरणी जाग्याव असती ना. तिला वळवायची नसती."

मी पुढं वाकून गिअरचा दांडा धरला. तो मधोमध होता, माझ्या उजव्या हाताला. डॉक्टरांनी क्लच ओढला, म्हणाले, दुसरा. मी दुसरा टाकला. खडखडाट झाला, पण पडला. मग तिसरा. भाटघरपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. डॉक्टर खूश होते. वर्षभरात मी त्यांना असं बघितलं नव्हतं. त्या आनंदात त्यांनी मला विचारलंही नाही आणि मीही नको म्हटलं नाही, आणि अशा रीतीनं ठरून गेलं की गाडी आता दोघांनी चालवायची.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आम्ही ती तशी चालवली. बुधवारी, शनिवारी मला डॉक्टरांबरोबर जावं लागे. त्या दिवशी भोरचा दवाखाना बंद. पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक, मग औषधांची पेटी भरायची, मग गाडीत बसून तीस मैल जाताना आणि तीस मैल येताना एका दांड्याकडे लक्ष ठेवायचं. मी बाहेर बघू शकत नव्हते, डुलकी घेऊ शकत नव्हते. क्लचचा आवाज मी कानांनी ओळखायला लागले, त्यांनी दुसरा म्हणायच्या आधी माझा हात हलायचा. नसरापूरला चहाला थांबलो की हॉटेलवाला विचारायचा, आज कोण हायेत डायवर, तुमी का बाई? वेल्ह्यात बायका म्हणायच्या, डाक्टरांना बाईंबिगर करमत न्हाई आता. मी हसायची. गुरुवारी आणि रविवारी दवाखान्यात दुप्पट गर्दी असायची आणि माझी पाठ सरळ व्हायची नाही. तरी मी बोलले नाही, कारण बोलले तर शेवटी पेडलापाशी यावं लागलं असतं.

शिमगा झाल्यावर एका शनिवारी वेल्ह्यात एक बाई अडली. पहिलटकरीण, मूल आडवं, तिथं काही करता येण्यासारखं नव्हतं. तिला आणि तिच्या सासूला मागच्या सीटवर घेऊन आम्ही भोरला निघालो. मार्गासनीच्या अलीकडे एक चढ आहे. वर अर्ध्यात गवताची गाडी आडवी झाली होती, बैल हटत नव्हते. थांबावं लागलं. थोड्या वेळानं वाट मोकळी झाली आणि चढावर गाडी पुन्हा सुरू करायची वेळ आली.

जुन्या यंत्राला गाडी जागच्या जागी अडकवून ठेवायची सोय होती, ती यंत्राबरोबर गेली. थांबवून ठेवायचा ब्रेक या गाडीला हातानं ओढायचा नव्हता, तोही डाव्या पायानंच दाबायचा. म्हणजे डॉक्टरांना एकाच उजव्या पायानं ब्रेक सोडून पेट्रोल द्यायचं होतं आणि त्याच क्षणाला उजव्या हातानं दांडा हळू सोडायचा होता. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदा गाडी दोन हात मागे गेली. तिसऱ्यांदा चांगली दहा हात मागे गेली, उजवीकडे ओढा होता. मागच्या सीटवर ती बाई कण्हत होती. तिच्या सासूनं दार उघडलं, चालत्या गाडीतून खाली उतरली, रस्त्याकडेचा धोंडा उचलून मागच्या चाकाखाली टाकला आणि तिथंच उभं राहून म्हणाली, "आता सोडा डाक्टर. म्या हाय हितं."

धोंड्याच्या आधारानं गाडी चढली. म्हातारी मागून चालत वर आली आणि पुन्हा बसली. भोरला पोचल्यावर डॉक्टरांनी बाईला सोडवलं, मुलगी झाली, दोघी जगल्या. हे सगळं करताना त्यांचे हात नेहमीसारखे स्थिर होते. नंतर मी पाणी घालत होते, तेव्हा स्वच्छ झालेले हात ते पुन्हा पुन्हा धूत राहिले.

मंगळवारी संध्याकाळी ते उद्याची औषधं काढून ठेव म्हणाले. मी म्हटलं, उद्या जायचं नाही. का, म्हणाले. मी पाच महिने साठवलेलं बोलले, पण थोडक्यात बोलले.

"ह्या गाडीला तीन हात लागतात. त्यातला एक माझा. तो तिकडे असला की इथं दवाखान्याला कुलूप असतं. आणि शनिवारी तीन हातही पुरले नाहीत, चौथी ती म्हातारी होती."

"मग वेल्हं सोडायचं म्हणतेस?"

"वेल्हं नाही. ती सीट सोडायची. माझे दोन्ही पाय वाकतात."

ते उठून आत गेले. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. बुधवारी आम्ही गेलो नाही. पारावर माणसं बसून राहिली असतील हे दोघांनाही माहीत होतं. गुरुवारी दुपारी मी ताटं वाढत होते, तेव्हा ते पाटावर बसता बसता म्हणाले, मिस्त्रीला सांग, पेडल कर. एवढंच म्हणाले आणि आमटी मागितली.

भाताचा हंगाम संपत आला होता. मी गिरणीवर गेले तेव्हा मिस्त्री इंजिन पुसत होता. मी सांगितलं, पेडल पाहिजे, किती दिवस लागतील. तो आत गेला. भिंतीवर खिळ्याला कोंड्यानं माखलेली एक वस्तू टांगलेली होती ती काढून त्यानं फडक्यानं पुसली आणि माझ्यासमोर धरली. क्लचचा पेडल होता, दांडीसकट, भोकं पाडून तयार.

"तवाच करून ठिवलाय, बाई. भादव्यात. तुमच्या पायाच्या मापाचा हाय, चप्पल न्हेली व्हती म्या येक दिस."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? तो म्हणाला, डाक्टरांनी म्हनल्याबिगर कसा लावणार? मी त्याच्यावर चिडले. पाच महिने मी पहाटे उठत होते, आणि ही वस्तू इथं खिळ्याला लटकत होती. पण त्याला काय बोलणार? मलाही पोळ्यापासून माहीत होतं, मी तरी कुठं बोलले होते. परत येताना शेजारणीकडे थांबले आणि कुत्र्याबद्दल माफी मागितली. तिला तो प्रसंग आठवत नव्हता.

पेडल अर्ध्या दिवसात बसला. हातातला दांडा मिस्त्रीनं सोडवला आणि खांद्यावर टाकून गिरणीत परत नेला. डॉक्टर तेव्हा दवाखान्यात होते. रोगी नसतानाही ते बाहेर आले नाहीत.

मला शिकायला तीन आठवडे लागले. निम्मं मला येतच होतं, गिअर माझ्या हातात बसलेले होते. डॉक्टर शेजारी बसून सांगत आणि चांगलं सांगत, आवाज चढवत नसत. दुपारी भाटघरच्या रस्त्याला कोणी नसे. नऊवारी मी आधीच सोडलेली होती, सहावारीचा पदर खोचून घ्यायची, चप्पल काढून ठेवायची. पेडल माझ्या पायाला बरोबर बसला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पुण्याला जाऊन लायसन काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि हे कोणी बसवलं म्हणून विचारलं. भाताच्या गिरणीनं, मी म्हटलं.

चैत्राच्या अखेरीस एका बुधवारी आम्ही वेल्ह्याला निघालो. भोरच्या दवाखान्याला त्या दिवशीही कुलूपच होतं, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मी गाडी चालवली तरी डॉक्टर वेल्ह्यात लागणारच आणि मी भोरात राहिले तर गाडी चालणार नाही. माझं पहाटेचं उठणं काही सुटलं नाही. सुटलं ते एवढंच की चढावर आता कोणाला धोंडा घेऊन उतरावं लागणार नव्हतं. पुढं आम्ही शनिवार बंद करून एकट्या बुधवारवर आलो, तेव्हा कुठं माझी पाठ जरा सरळ झाली.

त्या दिवशी डॉक्टर डावीकडे बसले होते, पाय पसरून. नसरापूरपर्यंत ते बाहेर बघत होते. हॉटेलवाल्यानं मला काही विचारलं नाही, नुसतं डॉक्टरांकडे बघितलं आणि चहा आधी त्यांना दिला. मार्गासनीच्या पुढं तो चढ येतो, जाताना तो उताराचा असतो. येताना तो पुन्हा चढ झाला. दिवसभर सत्तर-ऐंशी रोगी झाले होते, दोघंही दमलो होतो. चढाच्या पायथ्याशी मी क्लच दाबला आणि माझा डावा हात गिअरकडे जायच्या आत गिअर पडला होता. डॉक्टरांचा उजवा हात दांड्यावर होता. ते समोर रस्त्याकडेच बघत होते.

मी क्लच सोडला. गाडी चढायला लागली.

माझं मला येत होतं, ते मी बोलून दाखवलं नाही. वर पोचल्यावर मी पुन्हा क्लच दाबला आणि थांबले. त्यांनी तिसरा टाकला, खडखडाट न होता, माझ्यापेक्षा चांगला. त्यानंतर गाडी आणखी सहा वर्षं चालली, आणि ते शेजारी असताना गिअरला मी हात लावला नाही. मला तेवढंच एक काम कमी.